परदेशात लागणारी कागदपत्रं: अपोस्टिल, अटेस्टेशन आणि सह्यांची साखळी

दप्तरी

या विषयावरचे प्रश्न चार धाग्यांत विखुरलेत, म्हणून इथे एकत्र बोलू. आधी मुळाशी काय आहे ते सांगतो. ते एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

परक्या देशातल्या कारकुनासमोर तुमचा जन्मदाखला येतो तेव्हा त्याला ती सही ओळखीची नसते आणि शिक्काही. मग साखळी लागते. दाखल्यावर निबंधकाची सही असते. तिचा नमुना ज्याच्या दप्तरी ठेवलेला आहे असा वरचा अधिकारी 'ही सही याचीच' असं लिहून स्वतःची सही करतो. त्याची सही त्याच्या वरचा ओळखतो. असं करत शेवटची सही अशी येते, जी परदेशातलं कार्यालय मान्य करतं. प्रमाणीकरण म्हणजे एवढंच. कागदातला मजकूर खरा आहे असं या साखळीत कुणीही म्हणत नाही. प्रत्येक जण फक्त आपल्या आधीच्या सहीची, ती करणाऱ्याच्या हुद्द्याची आणि शिक्क्याची ग्वाही देतो.

म्हणून कुठल्याही कागदाबद्दल पहिला प्रश्न हाच: यावर शेवटची सही कुणाची आहे, आणि ती पुढच्या टेबलावर कोण ओळखतं?

साखळी संपवण्याचे मार्ग दोन. ज्या देशातून कागद निघतो आणि ज्या देशात तो द्यायचा आहे ते दोन्ही ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात असतील, तर मूळ देशातल्या नेमलेल्या कार्यालयाचं अपोस्टिल, म्हणजे सहीची ग्वाही देणारं ठरलेल्या नमुन्याचं प्रमाणपत्र, लागलं की काम झालं. दोघांपैकी एक जरी करारात नसेल तर जुनी वाट: मूळ देशाचं परराष्ट्र मंत्रालय, मग जिथे कागद द्यायचा त्या देशाचा दूतावास. काही देशांत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणखी एक शिक्का. याला आपल्याकडे सरसकट 'अटेस्टेशन' म्हणतात.

कामाला हात घालण्याआधी कागद मागणाऱ्या कार्यालयाला ईमेल करून चार गोष्टी लेखी विचारा. मूळ कागद हवा की साक्षांकित प्रत चालेल? अपोस्टिल हवं की दूतावासाचा शिक्का? भाषांतर कुणी केलेलं चालतं? दाखला किती दिवसांच्या आत काढलेला हवा? उत्तराची छापील प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. खिडकीवर बसलेला माणूस वेगळं सांगू लागला की तीच कामी येते.

---

आडवाट

कुठला देश करारात आहे ते कुठे बघायचं? जुन्या पोस्टींमध्ये कॅनडा, चीन, सौदी या सगळ्यांना दूतावासाचा शिक्का लागतो असं लिहिलंय.

---

उत्तरायण

@आडवाट, त्या पोस्टी तेव्हा बरोबर होत्या, आता कालबाह्य झाल्यात. सौदी अरेबियात करार ७ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. इंडोनेशिया २०२२ मध्ये आला, सिंगापूर २०२१ मध्ये, फिलिपिन्स २०१९ मध्ये. संयुक्त अरब अमिराती आणि कतार मात्र या यादीत नाहीत, तर शेजारचे ओमान आणि बहारीन आहेत. त्यामुळे 'आखाती देश म्हणजे दूतावास' हे समीकरण आता मोडीत निघालंय. प्रत्येक देश वेगळा बघा.

यादी हेग परिषदेच्या (हा करार सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर आहे. पण नुसतं नाव दिसलं म्हणून थांबू नका. करारात नंतर सामील होणाऱ्या देशाबद्दल आधीचे सदस्य सहा महिन्यांच्या आत हरकत घेऊ शकतात, आणि हरकत घेतली तर त्या दोघांपुरता करार लागू होतच नाही. भारत १४ जुलै २००५ पासून करारात आहे, जर्मनी त्याच्या कितीतरी आधीपासून. तरीही जर्मनीने भारताबद्दल हरकत घेतलेली असल्यामुळे भारतीय दाखल्यावरच्या अपोस्टिलने जर्मन कार्यालयातलं काम होईलच असं नाही. तिथे जर्मन कार्यालय स्वतः दूतावासामार्फत दाखल्याची पडताळणी मागवू शकतं. यादीत देशाच्या नावापुढे जी टीप असते ती उघडून वाचा, सगळी मेख तिथे असते.

---

कोंदण

यात एक भर. करार लागू होण्याआधी काढलेल्या जुन्या दाखल्यावरही आज अपोस्टिल मिळतं. दाखला १९८० चा असला तरी हरकत नाही. अडचण येते ती वेगळी: त्या वेळी सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा नमुना आता दप्तरी सापडत नाही. अशा वेळी जुना कागद घेऊन खेटे घालण्यापेक्षा त्याच नोंदीचा नवा दाखला काढा. नोंद जुनी आणि सही ताजी, म्हणजे पडताळणीला अडथळा नाही.

---

पिंपळपान

अपोस्टिल हातात आलं की ते वाचायला शिका. लोक शिक्का बघून फाईल बंद करतात आणि चूक परदेशात गेल्यावर कळते.

नमुना करारातच ठरवून दिलेला आहे: किमान ९ सेंटिमीटर बाजू असलेला चौकोन, आत क्रमांक घातलेल्या १० ओळी. मथळा फ्रेंचमध्येच असावा लागतो, बाकीचा मजकूर देणाऱ्या कार्यालयाच्या भाषेत चालतो. पहिली ओळ देशाचं नाव. दुसरी ओळ सही कुणाची. तिसरी, त्याने ती कोणत्या हुद्द्याने केली. चौथी, शिक्का कुणाचा. पाच ते आठ म्हणजे ठिकाण, तारीख, देणारं कार्यालय आणि क्रमांक. शेवटच्या दोन ओळींत त्या कार्यालयाचा शिक्का आणि सही.

दुसऱ्या ओळीत तुमचं नाव नसतं, आणि ते नसणंच बरोबर आहे. तिथे कागदावर शेवटची सही ज्याची आहे त्याचं नाव येतं. 'माझं नावच नाही' म्हणून बरेच जण घाबरून परत जातात, त्याची गरज नाही.

सगळ्यात महत्त्वाची ओळ तिसरी. पदवी प्रमाणपत्राला अपोस्टिल लावून घेतलंय आणि तिसऱ्या ओळीत कुलसचिव किंवा शिक्षण खात्याचा अधिकारी आहे, तर ते प्रमाणपत्रावरच्या सहीचं प्रमाणीकरण झालं. तिथे 'नोटरी' असं असेल तर फक्त नोटरीची सही प्रमाणित झालीय. म्हणजे तुमच्याकडे एका झेरॉक्सवर नोटरीने केलेली सही खरी असल्याचा पुरावा आहे. विद्यापीठाने पदवी दिली की नाही याबद्दल तो कागद काहीच बोलत नाही. दोन्हींवरचं स्टिकर दिसायला अगदी सारखं असतं.

---

आडवाट

म्हणजे नोटरी केलेल्या प्रतीवरचं अपोस्टिल निरुपयोगी?

---

पिंपळपान

मूळ कागदच प्रमाणित करून घ्यावा या मताचा मी आहे. प्रतीवरचं परत येतं.

---

उत्तरायण

@पिंपळपान, इथे थोडं थांबा, हे सरसकट म्हणता येणार नाही. प्रतीवर अपोस्टिल द्यायचं की नाही हे मूळ देशाचा कायदा ठरवतो, आणि काही देशांत पदवीसाठी हीच राजवाट आहे. ब्रिटनमध्ये जन्मदाखल्यावर निबंधकाची सही असते, म्हणून त्याला थेट अपोस्टिल मिळतं. पदवी प्रमाणपत्रावर मात्र आधी तिथल्या सॉलिसिटरची किंवा नोटरीची सही घ्यावी लागते, मग अपोस्टिल. कारण विद्यापीठाची सही अपोस्टिल देणाऱ्या कार्यालयाच्या नोंदीत नसते. तिथे तिसऱ्या ओळीत नोटरी दिसला तर ती चूक नव्हे.

भारतात उलट आहे. तिथे शैक्षणिक कागद राज्याच्या शिक्षण खात्याकडून, जन्म-विवाहासारखे वैयक्तिक कागद साधारणपणे राज्याच्या गृह खात्याकडून आणि व्यापारी कागद वाणिज्य मंडळाकडून आधी प्रमाणित होतात, आणि अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय लावतं. तिथे खात्याची पायरी गाळून नोटरीच्या वाटेने गेलेला पदवीचा कागद सहज ओळखू येतो.

---

पिंपळपान

मान्य. माझं वाक्य दुरुस्त करतो: तिसऱ्या ओळीत कुणाचा हुद्दा यायला हवा, हे मूळ देशाच्या पद्धतीवरून आधी ठरवा आणि मगच वाट निवडा.

---

दप्तरी

छान झालं, हे वर हेडरमध्ये घालतो. याच मुद्द्याचा दुसरा भाग संघराज्यांचा. तिथे एका देशात अपोस्टिल देणारी कार्यालयं अनेक असतात आणि कागद चुकीच्या दारात गेला की तसाच परत येतो. अमेरिकेत राज्याने दिलेला जन्मदाखला त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जातो, तुम्ही आज कुठे राहता याला महत्त्व नाही. एफबीआयचा पोलीस दाखला संघराज्याचा, तो वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडेच. राज्याचं कार्यालय त्यावर अपोस्टिल देऊ शकत नाही, कारण एफबीआयच्या अधिकाऱ्याची सही त्यांच्या नोंदीतच नाही.

न्यूयॉर्क शहराचा जन्मदाखला हे आणखी एक प्रकरण. त्याला आधी शहराच्या आरोग्य खात्याचं 'लेटर ऑफ एक्झेम्प्लिफिकेशन' (दाखला खरा असल्याचं पत्र) लागतं, मग काउंटी क्लार्कची सही, मग राज्याचं अपोस्टिल. दाखला मागवतानाच ते पत्र मागवलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

कॅनडात केंद्र सरकारबरोबर ऑन्टारियो, ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचवान आणि क्वेबेक हे प्रांत स्वतःचं अपोस्टिल देतात. बाकी प्रांतांचे कागद केंद्राकडे.

---

रानवारा

भाषांतर आधी की अपोस्टिल आधी? एजंट सांगतोय की दोन्ही एकदम करून देतो.

---

शब्दसेतू

@रानवारा, भाषांतर हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वसाधारण क्रम असा: मूळ कागद, त्यावर अपोस्टिल, मग दोन्हींचं मिळून भाषांतर. कारण अपोस्टिल हाही कागदाचा भाग आहे आणि वाचणाऱ्याला तोही त्याच्या भाषेत हवा असतो. आधी भाषांतर केलं आणि नंतर अपोस्टिल लावलं तर भाषांतरात अपोस्टिल येत नाही. मग 'अपूर्ण भाषांतर' असा शेरा पडून कागद परत येतो.

दुसरा प्रश्न भाषांतर कुणाचं. जर्मनीत न्यायालयात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचं, स्पेनमध्ये तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या अधिकृत भाषांतरकाराचं, फ्रान्समध्ये न्यायालयाच्या यादीतल्या भाषांतरकाराचं. अशा ठिकाणी मूळ देशात करून नेलेलं भाषांतर कितीही उत्तम असलं तरी बहुधा पुन्हा करावं लागतं, पैसे दोनदा जातात. म्हणून तिथे कागद अपोस्टिल करून न्या आणि भाषांतर त्या देशाच्या यादीतल्या माणसाकडून करवा. स्कॅन पाठवूनही काम सुरू होतं. इंग्लंड-अमेरिकेत बऱ्याच कार्यालयांना भाषांतरकाराचं सही-तारखेचं निवेदन पुरतं: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात.

काही कार्यालयं भाषांतरकाराची सहीदेखील प्रमाणित मागतात. तेव्हा भाषांतरकार नोटरीसमोर सही करतो आणि त्या भाषांतराला वेगळं, दुसरं अपोस्टिल लागतं. एक अपोस्टिल दोन्हींना पुरत नाही, कारण सह्या दोन निरनिराळ्या माणसांच्या. ही मागणी आहे का, ते दप्तरींनी सांगितलेल्या ईमेलमध्येच विचारून घ्या.

भाषांतर हातात आलं की चार ठिकाणी बोट ठेवून तपासा. एक, नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का. देवनागरीतून रोमन लिपीत नेताना 'वैद्य'चं तीन तऱ्हांनी होतं, म्हणून भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत आधीच द्या. दोन, तारखेत महिना शब्दांत आहे का. ०५/०४ हे अमेरिकेत ४ मे वाचलं जातं, युरोपात ५ एप्रिल. तीन, गोल शिक्क्यातला मजकूर, कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक, मागच्या पानावरचा शेरा, हे सगळं आलंय का. पुसट शिक्का असेल तर 'शिक्का, अवाच्य' असं लिहायचं, गाळायचं नाही. चार, पानं एकमेकांना जोडून भाषांतरकाराचा शिक्का सांध्यावर आहे का.

---

रानवारा

तारखेचं लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद, शब्दसेतू!

---

कोंदण

पिना काढू नका. हे सगळ्यांना कळकळीने सांगायचंय, कारण सगळी साखळी नीट करून आणलेला कागद झेरॉक्सच्या दुकानात एका मिनिटात बाद होतो.

अपोस्टिल कागदावरच लावलेलं असतं किंवा जोडपत्रावर. जोडपत्र असेल तर ते मूळ कागदाला पिनेने, दोऱ्याने किंवा रिव्हेटने जोडतात आणि अनेकदा शिक्का असा मारतात की अर्धा एका पानावर, अर्धा दुसऱ्यावर. मशिनमध्ये सरकवायला दुकानदार पिन काढतो आणि नंतर नवी मारून देतो. कोपऱ्यावर जुन्या पिनेची दोन भोकं राहतात, नव्या पिनेची दोन वेगळी दिसतात, शिक्क्याचे दोन अर्धे केसभर सरकतात. तपासणारा माणूस नेमकं तिथेच बघतो, कारण पान बदललं असण्याची शक्यता तिथे असते. मग हा कागद कितीही खरा असो, नवा करून आणा असंच सांगतात. पानं वळवून काचेवर पालथी घालून स्कॅन होतं, कोपरा काळा आला तरी चालतो. दुकानात कागद देताना आधीच बजावा आणि समोर उभे राहा.

लॅमिनेशनही नको. त्यावर शिक्क्याची शाई बसत नाही, उठावाचा शिक्का बोटाला लागत नाही आणि स्टिकर सोलून निघतं. आधीच लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र असेल तर ते फाडत बसण्यापेक्षा विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढा.

---

आडवाट

अपोस्टिलला मुदत असते का? एजंट म्हणतो सहा महिने.

---

उत्तरायण

नाही. करारात अपोस्टिलला कुठलीही मुदत नाही. मुदत असते ती खालच्या कागदाला, आणि ती मागणारं कार्यालय ठरवतं. पदवी शिळी होत नाही. पण पोलीस दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, हे त्या दिवसापुरतं सत्य सांगतात, म्हणून तीन किंवा सहा महिन्यांच्या आतले मागतात. फ्रान्समध्ये लग्नासाठी परदेशातला जन्मदाखला साधारण सहा महिन्यांच्या आत काढलेला लागतो. जन्मतारीख बदलत नाही हे खरं, पण तिथल्या दाखल्यावर विवाह आणि घटस्फोटाच्या नोंदी समासात येतात, त्यामुळे ताजा दाखला मागण्याची पद्धत पडलीय.

म्हणून वेळेचं गणित उलटीकडून मांडा. कागद द्यायची तारीख धरा, त्यातून भाषांतर, अपोस्टिल, राज्याची पायरी, टपाल असे दिवस वजा करत मागे या. मुदत दाखल्याच्या तारखेपासून मोजतात, अपोस्टिलच्या नव्हे. पोलीस दाखला सगळ्यात शेवटी काढा. पदवीची साखळी लांब असते, ती सगळ्यात आधी सुरू करा. बरेच जण सगळे कागद एकाच दिवशी काढतात आणि पदवी तयार होईपर्यंत पोलीस दाखला संपलेला असतो.

---

पिंपळपान

नावातला फरक यावरही लिहायला हवं. शिक्के सगळे बरोबर असून कागद परत येण्याचं हे मोठं कारण आहे.

अपोस्टिल देणारं कार्यालय नावाकडे बघत नाही, ते सही बघतं. त्यामुळे जन्मदाखल्यात 'सुनिता', पासपोर्टमध्ये 'सुनीता' आणि गुणपत्रिकेत नुसतं आद्याक्षर असलं तरी तिन्हींवर बिनबोभाट अपोस्टिल मिळतं. फरक दिसतो तो परदेशातल्या टेबलावर, जिथून दुरुस्ती करणं सगळ्यात अवघड. कागद साखळीत घालण्याआधी सगळे एका ओळीत मांडा आणि पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा: स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव.

फरक निघाला तर पहिली पसंती मूळ नोंदीत दुरुस्ती. ते शक्य नसेल तरच 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, आणि त्यालाही वेगळं अपोस्टिल. हे काही ठिकाणी स्वीकारतात, काही ठिकाणी नाही, कारण ते शेवटी तुमचंच म्हणणं आहे, सरकारी नोंद नव्हे. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी विवाह दाखला सोबत जोडावा. जुनं आणि नवं नाव यांना जोडणारा सरकारी कागद तोच.

---

शब्दसेतू

+१. आणि भाषांतरकाराला 'एवढं अक्षर सुधारून द्या' असं कृपया सांगू नका. भाषांतरात मूळ चूक जशीच्या तशी येते. फार तर 'मूळ कागदात असेच' अशी टीप घालता येते.

---

रानवारा

मुखत्यारपत्रही याच पद्धतीने का? त्यावर तर कुठल्याच सरकारी अधिकाऱ्याची सही नसते.

---

दप्तरी

चांगला प्रश्न. अपोस्टिल फक्त सार्वजनिक दस्तऐवजांना लागतं: न्यायालयाचे, प्रशासनाचे, नोटरीचे, आणि खासगी कागदावर अधिकाऱ्याने दिलेली प्रमाणपत्रं. मुखत्यारपत्र हा खासगी कागद. नोटरी त्यावर 'अमुक व्यक्तीने माझ्यासमोर सही केली' असं लिहितो, तेव्हा ते प्रमाणपत्र सार्वजनिक होतं आणि त्यालाच अपोस्टिल लागतं. म्हणून घरून सही करून जाऊ नका, नोटरीसमोरच करा. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड नको, मोकळ्या जागेवर रेघ.

मसुदा जिथे वापरायचाय तिथल्या वकिलाकडून घ्या. साक्षीदार किती, फोटो लागतो का, जमिनीचं वर्णन कसं द्यायचं, हे तिथल्या कायद्याने ठरतं आणि अपोस्टिल त्यातली उणीव भरून काढत नाही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात वापरायचं तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. लिफाफा जपून ठेवा, पोचल्याची तारीख दाखवायला तो उपयोगी पडतो.

---

उत्तरायण

कशाला अपोस्टिल लागत नाही तेही लिहून ठेवू. दूतावासाने किंवा वाणिज्य दूताने स्वतः काढलेले कागद कराराच्या बाहेर आहेत. उदाहरणार्थ, दूतावासात नोंदवलेल्या जन्माचा दाखला. त्याची वाट बहुधा ज्या देशात तो दूतावास आहे तिथल्या परराष्ट्र मंत्रालयातून जाते, कारण दूतांच्या सह्यांचे नमुने त्यांच्याकडे असतात. युरोपातल्या काही देशांनी ७ जून १९६८ च्या लंडन करारान्वये आपसात ही गरजच काढून टाकलीय. दुसरे वगळलेले कागद म्हणजे थेट व्यापाराशी आणि जकातीशी संबंधित प्रशासकीय कागद.

आणि युरोपीय संघात एका सदस्य देशाचा जन्म, विवाह, मृत्यू दाखला दुसऱ्या सदस्य देशात द्यायचा असेल तर १६ फेब्रुवारी २०१९ पासून अपोस्टिलची गरजच नाही. सोबत बहुभाषी प्रपत्र मागून घ्या, म्हणजे बहुतेक वेळा भाषांतरही टळतं. संघाबाहेरून आलेल्या दाखल्याला मात्र ही सवलत नाही.

---

कोंदण

अमिरातीसाठीची वाट विचारणारे बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतायत, म्हणून इथेच: मूळ देशातली स्थानिक पायरी, मूळ देशाचं परराष्ट्र मंत्रालय, तिथला अमिरातीचा दूतावास, आणि अमिरातीत पोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय. क्रम मोडता येत नाही. दूतावास फक्त मंत्रालयाची सही ओळखतो, नोटरीची नाही. एखादी पायरी राहिली आणि तुम्ही अमिरातीत पोचलात तर कागद उलट टपाली मूळ देशात पाठवावा लागतो, म्हणून निघण्याआधी मागच्या बाजूचे शिक्के मोजा.

---

आडवाट

आता काही देश ई-अपोस्टिल देतात. त्याची छापील प्रत चालते ना?

---

उत्तरायण

@आडवाट, ई-अपोस्टिलमध्ये खरेपणा फाईलमधल्या डिजिटल सहीत असतो. छापलं की सही मागे राहते आणि हातात उरतं ते चित्र. फाईल आहे तशी पाठवा. ती दुसऱ्या पीडीएफमध्ये जोडली, आकार कमी करायला दाबली किंवा पान फिरवून जतन केली, तरी सही तुटते आणि उघडल्यावर 'बदल झाला आहे' अशी सूचना येते. अर्जाच्या संकेतस्थळावर फाईलच्या आकाराची मर्यादा असेल तर आधी त्यांना विचारा, स्वतः लहान करू नका. समोरचं कार्यालय फक्त कागदच घेत असेल तर सुरुवातीलाच कागदी अपोस्टिल मागा.

---

रानवारा

शेवटचं एक. एजंटने आणून दिलेलं स्टिकर खरं आहे हे कसं ओळखायचं?

---

दप्तरी

करारातच सोय आहे. प्रत्येक अपोस्टिलची नोंद देणाऱ्या कार्यालयाला वहीत किंवा संगणकात ठेवावी लागते: क्रमांक, तारीख, आणि कुणाची सही कोणत्या हुद्द्याने प्रमाणित केली ते. ही नोंद कुणीही विचारून ताडू शकतं. पुष्कळ देशांत ती ऑनलाइन आहे, अपोस्टिलवरचा क्रमांक आणि तारीख टाकली की दिसते. संकेतस्थळाचा पत्ता स्टिकरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून घेऊ नका. बनावट स्टिकरवरचा कोड बनावट पानावरच नेतो. हेग परिषदेच्या यादीत त्या देशाच्या नावाखाली कार्यालयाचा जो पत्ता दिलाय तिथून आत जा आणि क्रमांक हाताने टाका. आठव्या ओळीतला क्रमांक, सहाव्या ओळीतली तारीख आणि दुसऱ्या ओळीतलं नाव, तिन्ही नोंदीशी जुळायला हवीत. एजंटला उरलेले पैसे हे जुळल्यानंतरच द्या.